वहिनी, तुझ्या कॉलेजसारखं कॉलेज

वहिनी, परवा तुझं तेरावं झालं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर, सगळं आपल्या पद्धतीने केलं. पण असं तेरावं मी आयुष्यात बघितलं नाही गं. माणसं हसत होती. कोणीतरी "कुंदाताई एकदा काय म्हणाल्या" असं सुरू करायचं आणि थोड्या वेळात तो अख्खा कोपरा खदखदायला लागायचा. दादा आधी कावराबावरा झाला, मग तोच जाऊन त्या कोपऱ्यात बसला. मलाही सगळे म्हणाले, मधू, तू सांग, तुझ्याकडे तर खजिना असेल. मी आपला पाण्याचा जग घेऊन फिरत राहिलो. माझी गोष्ट पंगतीत सांगण्याएवढी छोटी नाही. आणि ती मला तुलाच सांगायचीय. तुला ती माहीत आहे म्हणा, पण तुझ्या बाजूने. माझी बाजू तू कधी धड ऐकून घेतलीस?

तू मुलुंडला आलीस तेव्हा मी नुकताच बारावी पास झालो होतो. पास म्हणजे काय, काठावर. दादा टेलिफोन खात्यात, त्याची अमरावतीला बदली झाली, तिथे ज्यांच्याकडे भाड्याने राहिला त्यांच्याच मुलीशी लग्न ठरवून बसला. बदली संपून परत आला तो तुला घेऊनच. मुलुंड पूर्वेला आपल्या दोन खोल्या. आई, बाबा, दादा, मी आणि आता तू. बाबांची गिरणी संपात बंद पडली होती ती उघडायचं नाव घेत नव्हती. बाबा दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाच वेळ विचारायचे.

आईने पहिल्याच दिवशी तुला कौतुकाने विचारलं, "काय गो, घर आवडला?"

तू म्हणालीस, "घर छान आहे, आई. कॉलेज कुठं आहे?"

आईला वाटलं, ही माझ्याबद्दल विचारतेय. म्हणाली, "त्येचा अजून ठरूचा आसा." तेव्हा तू शांतपणे सांगितलंस की तुझी बी. ए.ची दोन वर्षं झालीयत, तिसरं राहिलंय, आणि ते करायचंय. आईच्या हातातलं तांदळाचं सूप तसंच राहिलं. "लगीन झाल्यार कसला कॉलेज?" एवढंच ती म्हणाली आणि सूप जोरजोरात पाखडायला लागली. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. लग्नाआधी त्यानेच तुला शब्द दिला होता, हे आम्हाला पुढे कळलं.

शेवटी तोडगा दादानेच काढला. मधूला कॉलेज शोधायचंच आहे, जाऊ दे हिला सोबत, मुंबई तरी बघून होईल. आई तुझ्या मुंबई बघण्याला तयार झाली, कॉलेजला नाही. आणि आपली दोघांची वरात निघाली.

वहिनी, त्या दिवसांत मी तुझ्या अमरावतीच्या त्या सरकारी कॉलेजाला किती शिव्या घातल्यात, तुला कल्पना नाही. जाऊ तिथे ते आपल्या आधी पोचलेलं असायचं. आमच्या कॉलेजात असं मैदान, आमच्या कॉलेजात असे व्हरांडे, आमच्या कॉलेजात कडुनिंबाखाली तास व्हायचे, आमच्या कॉलेजात पोरी सायकलीवर यायच्या. मला वाटायचं, अमरावतीत गाव नाहीच, नुसतं कॉलेजच आहे.

सुरुवात घराजवळून केली. चार मजली इमारत, खाली चपलांचं दुकान आणि दाताचा दवाखाना, वर कॉलेज. तू पदर खोचून रस्त्याच्या पलीकडे उभी राहिलीस आणि मान वर करून बघत राहिलीस.

"बाप्पा! हे कॉलेज आहे का दवाखाना?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मैदान कुठं आहे?"

"तू उभी आहेस तेच."

आत न जाताच आपण परत फिरलो. घाटकोपरचं कॉलेज एवढं चकचकीत होतं की तू दारात चप्पल काढायला निघालीस. आतून फिरून आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तू म्हणालीस, "चांगलं आहे हो भाऊजी, पण इथं मोठ्यानं हसता येईल का?" मला तेव्हा या प्रश्नाचा अर्थच लागला नाही. कॉलेजात हसायला कशाला जायचं, असं मी म्हणालो, आणि त्यावर तू बस येईपर्यंत हसलीस.

मग अंधेरी. अंधेरीला माझी विकेटच पडली. ऐसपैस आवार, वडाची झाडं, पायऱ्यांवर एक दाढीवाला गिटार वाजवत बसलेला, जीन्समधल्या मुली. मी म्हणालो, वहिनी, फायनल, यार, हेच. तुझेही डोळे चमकले होते, खोटं बोलू नकोस. पण खिडकीतल्या माणसाने सांगितलं, बाहेरच्या विद्यापीठातून तिसऱ्या वर्षाला येणाऱ्यांच्या जागा भरल्या, पुढच्या वर्षी या. तू त्याच्याशी किती वेळ बोललीस! शेवटी त्याने तुला पाणी दिलं, जागा दिली नाही. माझे मार्क बघून मात्र म्हणाला, दुसऱ्या यादीत कदाचित लागेल नाव.

बसमध्ये मी मनातल्या मनात गिटार शिकत होतो. तुझं तोंड उतरलंय हे मला घाटकोपर आल्यावर दिसलं.

बोरिवलीला आपण गेलो तो दिवस मला सगळ्यात जास्त आठवतो. दोन बस बदलून, दिंडोशीच्या टेकड्या बघत, धूळ खात पोचलो. कॉलेज जंगलाच्या अंगाला होतं, आवारात जांभळाचं मोठं झाड. तू त्याच्याखाली बसकण मारलीस, डबा उघडलास, भाकरीवर ठेचा घालून माझ्या हातात दिलीस. मी वैतागून विचारलं, "एकदा सांग तरी, तुला नक्की काय पाहिजे? झाडं पाहिजेत, झाडं आहेत. मैदान पाहिजे, मैदान आहे. आता काय राहिलं?"

तू जरा वेळ भाकरी चावत राहिलीस. मग म्हणालीस, "आमच्या वर्गात एक पोरगी होती, चप्पल सुतळीनं बांधलेली. तिच्या शेजारी कोण बसायची माहीत आहे? जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांची मुलगी. आणि मी, खानावळवाल्याची. कोणीही यावं, कुठंही बसावं. तू काहून आलीस इथं, असं कुणी कुणाला इचारलं नाही. एकदा पण नाही. मले तसं पाहिजे." शेवटची वाक्यं तू तुझ्या वऱ्हाडीत बोललीस. रडवेली झालीस की तुझी भाषा घरी जायची.

"मग इथेच घे ना प्रवेश," मी म्हणालो.

"इथं येऊन पोचेपर्यंत कॉलेज सुटेल, भाऊजी." तू डोळे पुसलेस आणि डबा बंद केलास. "त्या दवाखान्यावरच्या कॉलेजात विचारू. आतून तरी पाहू."

तिथे जागा होती. सकाळचं कॉलेज, इतिहास विषय, घरापासून चालत जाण्याएवढं अंतर. आता अडचण फक्त आईची होती, आणि आई म्हणजे मुलुंडच्या डोंगरापेक्षा मोठी अडचण. फिरणं तिने चालवून घेतलं होतं. प्रवेश घ्यायचा म्हटल्यावर तिने तवा खाली ठेवला. सकाळचा डबा कोण करणार? पाणी कोण भरणार? शेजारीपाजारी काय म्हणतील, परबांची सून दप्तर घेऊन चालली? दादा पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. तू गप्प बसलेली मी त्याआधी बघितलीच नव्हती.

तेव्हा दारातल्या खुर्चीवरून बाबा बोलले. वर्ष-दीड वर्ष ज्या माणसाने वेळ विचारण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं, ते.

"सकाळचा मी करतंय."

आई म्हणाली, "तुमी? काय करतलास?"

"मिलीत चार साचे एकटो चलवी होतंय. हय एक परात सांभाळूक होवची नाय? चेडवाक जाव दे."

आईने त्यांच्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मीठ खय आसता ता तरी ठावक आसा?" बाबांना माहीत नव्हतं. पण आई हसली, आणि प्रवेश झाला.

बाबांच्या पहिल्या भाकऱ्या आठवतात? माझ्या डब्यातली भाकरी बघून पोरं म्हणाली, हा भारताचा नकाशा कोणी काढला? पण महिन्याभरात बाबा आईला पिठात पाणी किती घालायचं ते सांगायला लागले, आणि दोघांची रोज सकाळी जुंपायची. ती खुर्ची दारातून आत आली वहिनी. त्यांना घरात जागा मिळाली ती तुझ्या कॉलेजमुळे. बाबा हे कधी बोलले नसते. मीही नाही बोललो. आता बोलतोय.

आणि मी? अंधेरीच्या दुसऱ्या यादीची वाट न बघता मीही त्याच इमारतीत पहिल्या वर्षाला नाव घातलं. यावरून आपलं भांडण चाळीसेक वर्षं चाललं. तू सगळ्यांना सांगायचीस, "मधू माझ्या सोबतीसाठी आला, एवढं अंधेरीचं कॉलेज सोडून." मी म्हणायचो, छे, आळस, दुसरं काय, घराजवळ होतं म्हणून. खरं काय ते अजून ठरलेलं नाही. मला स्वतःलाही माहीत नाही, आईशप्पथ.

पहिल्याच आठवड्यात तू माझी वाट लावलीस. मी जिन्यात पोरांबरोबर स्टाइल मारत उभा, आणि वरच्या मजल्यावरून तुझा खणखणीत आवाज, "भाऊजी! डबा विसरलात हो!" संपलं. त्या दिवसापासून मी अख्ख्या कॉलेजचा भाऊजी. मुली भाऊजी म्हणायच्या, शिपाई भाऊजी म्हणायचे. एका प्राध्यापकांनीही मला "काय भाऊजी, अभ्यास?" असं विचारलं. मी घरी येऊन तुझ्याशी कडाडून भांडलो, नावाने हाक मार म्हणालो. "दिराला नावानं कशी मारू?" म्हणत तू आईकडे बघितलंस. आई म्हणाली, "मार गो. पोरगो इतको बोंबलता तर मार." त्या दिवसापासून मी मधू झालो आणि तू मला अरे-तुरे करायला लागलीस. वहिनीची मैत्रीण कधी झाली असं मला कोणी विचारलं तर मी तोच दिवस सांगेन.

कॉलेज बाहेरून होतं तसंच आतूनही होतं. अंधारे जिने, आणि तास सुटला की पोरं थेट रस्त्यावर. कोणी थांबायचंच नाही. गुजराती मुलींचा घोळका वेगळा, आम्हा चाळीतल्यांचा वेगळा, भांडुपच्या टेकडीवरून येणारी पोरं वेगळी. एक दिवस तू मला ओढत प्राचार्यांच्या खोलीत नेलंस.

"सर, आपल्याला मैदान नाही."

"नाही," प्राचार्य म्हणाले. "आणि ते मी कुठून आणू?"

"मैदान नको. गच्ची आहे ना? कुलूप काढा."

प्राचार्यांनी चष्मा काढला. गच्चीवर मुलं काय काय उद्योग करतील, याची त्यांनी सभ्य शब्दांत कल्पना दिली. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणूनच सांगते, मी बसत जाईन तिथं. मी संसारी बाई आहे." ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी गच्ची उघडली. किल्ली तुझ्याकडे. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात ती लटकायची आणि आईला वाटायचं, कॉलेजात काहीतरी हुद्दा मिळालाय.

तासानंतर आपण पाण्याच्या टाकीच्या सावलीत डबे उघडून बसायचो. तू कोणालाही हाताला धरून आणायचीस. हे घे लोणचं, ही घे जागा. भांडुपची ज्योती कोपऱ्यात कठड्याला टेकून एकटी उभी राहायची, आठवतं? तिचे आईवडील बुलढाण्याकडचे, बाबासाहेबांची भाषणं तिला तोंडपाठ, पण वर्गात तोंड उघडायची नाही. तू तिला तिच्या गावाकडच्या बोलीत काहीतरी विचारलंस, आणि ती जी बोलायला लागली ती थांबेना. पुढे ती वकील झाली, दिंडोशीच्या कोर्टात तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येतो म्हणतात. परवा ती आली होती. पंगतीत बसली नाही, आत येऊन माझ्याबरोबर पानं वाढायला लागली. डोळे लाल होते, पण वाढता वाढता म्हणाली, "मधू, कुंदाताईंनी मला पहिल्या दिवशी काय विचारलं होतं माहितीय? 'झुनक्यात लसून टाकता का तुमी?' बस. मला वाटलं, हिला माझ्याकडून काहीतरी शिकायचंय."

दिवाळीनंतर तुला दिवस गेल्याचं कळलं, आणि घरात आनंद आणि गोंधळ एकदमच सुरू झाला. आई म्हणाली, आता बस झाला शिकणा, चार जिने चढूचे नाय. तू म्हणालीस, परीक्षा दिल्याशिवाय मी बाळंतच होणार नाही. दादा पहिल्यांदा खिडकीकडून वळला आणि म्हणाला, "आई, मी शब्द दिलाय तिला." तेवढं एक वाक्य. त्याला आता कोणी बायकोपुढे गरीब म्हटलं की मी हे वाक्य सांगतो.

परीक्षेचं केंद्र घाटकोपरला आलं, वर्ग तिसऱ्या मजल्यावर. बाबा रोज तुझ्याबरोबर. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात घडीचं स्टूल. प्रत्येक वळणावर स्टूल उघडायचे, तुला बसवायचे, मागून येणाऱ्या पोरांना हात करून वाट द्यायचे. कोणीतरी विचारलं, काका, मुलगी का? बाबा म्हणाले, "सून माजी. पेपर देऊक इली हा." असं म्हणाले जणू तू गड सर करायला निघाली होतीस.

निकाल लागला तेव्हा मुक्ता पाळण्यात होती. तू सेकंड क्लास, मला एका विषयात एटीकेटी. आईने तुला ओवाळलं, आणि निरांजन माझ्यापुढून नेताना मुद्दाम फुंकर घातल्यासारखं केलं. तू एवढी हसलीस की मुक्ता दचकून रडायला लागली. मग रात्रीच्या जेवणापर्यंत तू माझ्या राहिलेल्या विषयाची पुस्तकं काढून बसलेली. ऑक्टोबरमध्ये मी सुटलो. मग विमा कंपनीत लागलो, संसार केला, सुखाने निवृत्त झालो. तुझ्याशिवाय हे झालं असतं का, कोण जाणे. पण तू पुस्तकं काढून बसलीस, हे झालं.

पुढच्या वर्षी तुझ्या भावाच्या लग्नाला आपण अमरावतीला गेलो. हळदीच्या दिवशी सगळ्यांना चुकवून तू मला तुझं कॉलेज दाखवायला नेलंस. खरं सांगतो वहिनी, ते तू सांगायचीस त्याहून मोठं होतं. व्हरांड्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मी हार मानायच्या तयारीत होतो. तेवढ्यात तुझ्या जुन्या मैत्रिणी भेटल्या, कडुनिंबाखाली कोंडाळं झालं, आणि त्यांतल्या एकीने विचारलं, काय गं, मुंबईचं कॉलेज कसं होतं?

तू कंबरेवर हात ठेवलास. "आमच्या मुलुंडच्या कॉलेजची बात वेगळी! आम्हाला गच्ची होती बाप्पा. चौथ्या मजल्यावर. वारा काय, डोंगर काय दिसायचे! आणि पोरं कुठकुठची! तुमच्याकडे आहे का असं काही?"

मी तुझ्याकडे बघतच राहिलो. कोंडाळं पांगल्यावर तू माझा कान धरलास. "इथं ऐकलं ते मुंबईला जाऊन बोलायचं नाही." मी आजपर्यंत बोललो नाही. परवा बोललो असतो तर दादा हसून हसून लोळला असता, पण नाही बोललो.

आणि मग हा मागच्या उन्हाळ्यातला तुझा फोन. "मधू, रिकामाच आहेस ना? एम. ए. करायचं म्हणते. चल, बघून येऊ." मी म्हणालो, वहिनी, साठी उलटून गेली आपली. तू म्हणालीस, म्हणून तर घाई आहे. मुक्ताने फोनवर तुझ्या अमरावतीच्या कॉलेजचं नाव टाकून 'यासारखी विद्यापीठं' असं काहीतरी शोधलं, तर भराभर नावं आली. तू चष्मा लावून बघितलीस आणि म्हणालीस, "याला काय माहीत मला काय आवडतं? जाऊन बसल्याशिवाय कळतं का?" आणि पुन्हा आपण निघालो. या वेळी रिक्षाने, तुझे गुडघे आणि माझी कंबर घेऊन. पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या विद्यापीठात तू आवारभर हिंडलीस, वाचनालयाच्या पायरीवर बसलीस, शेजारच्या पोरीकडून वडापावचा अर्धा तुकडा घेतलास. मी विचारलं, काय? तू म्हणालीस, "हं. कुणी विचारलं नाही ना, आजी इथं काहून?" प्रवेश तुझा झाला. माझाही तूच करवलास. मी नको म्हणत होतो. या वेळी आळसाची सबबही नव्हती, घरापासून केवढं लांब ते.

तू पुस्तकंही आणलीस. आणि मग एका सकाळी चहा गाळता गाळता बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले, काही कळलंही नसेल. बरं झालं. आमचं काय, आम्ही शिकू हळूहळू.

काल वर्ग सुरू झाला. दादा म्हणाला, जाऊ नकोस, घरात एवढं झालंय. मुक्ता म्हणाली, काका, जा. मी गेलो. सगळी विशीतली पोरं, शिकवणाऱ्या बाईही मुक्तापेक्षा लहान. मधल्या रांगेत जाऊन बसलो. बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुंदा परब."

त्यांनी वर बघितलं. "कुंदा परब? आल्या नाहीत?"

मी उभा राहिलो. काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हणालो, "नाही मॅडम. त्या मला इथवर घेऊन आल्या, आणि मग त्यांना जावं लागलं."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. खाली बघून पुढचं नाव घेतलं.

"मधुकर परब."

"हजर," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण अख्खा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.